बोलणाऱ्याला कधी थांबवावे?

(महाविद्यालयीन अध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



वर्गात चर्चा घ्यावी, याविषयी दुमत नाही. परंतु चर्चा सुरू झाली की दोन भये अध्यापकाला ग्रासतात. सर्वांना मोकळे सोडले तर गोंधळ माजतो आणि सर्वांना आवरले तर वर्ग मुका होतो. कोणास प्रवेश द्यावा, कोणास बोलू द्यावे आणि कोणास थांबवावे, हा प्रश्न आजचा वाटतो. पण आपल्या विद्यापरंपरेने त्याचा फार बारकाईने विचार केलेला आहे.

प्रथम प्रवेशाचे पाहू. सातव्या शतकात नालंदेत राहिलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग लिहून गेला आहे की, चर्चेसाठी बाहेरून येणाऱ्यांना द्वारपाल अवघड प्रश्न विचारी आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत. कसोटी होती ती विद्येची.

प्रवेश मिळाल्यावर बोलावे कसे? चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांच्या आपसातील चर्चेला ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटले आहे. तिचे दोन प्रकार आहेत: संधाय आणि विगृह्य. एक स्नेहाची, दुसरी झुंजीची. स्नेहाच्या चर्चेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हरण्याच्या भयाने खचू नये आणि जिंकल्याचा तोरा मिरवू नये. वर्ग हे या पहिल्या प्रकाराचे स्थान आहे.

आता थांबविण्याचा प्रश्न. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला. सत्यशोधनासाठी तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन ती वितंडा. पुढे, वादी कोठे पराभूत ठरतो याची 22 निग्रहस्थाने सांगितली. विषय सोडून बोलणे, तेच तेच पुन्हा सांगणे, सभेला समजलेले प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा सांगूनही पुन्हा मांडता न येणे, ही त्यांतील काही. या यादीत ‘न आवडणारे मत’ असे निग्रहस्थान कोठेही नाही!

त्याच यादीत आणखी दोन स्थाने आहेत. दोष दिसत असूनही त्याकडे दुर्लक्ष करणे, हे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’. आणि जेथे दोष नाही तेथे दोष लावणे, हे ‘निरनुयोज्यानुयोग’. म्हणजे निष्कारण दुसऱ्याला दोषी ठरविणारा स्वतःच हरतो.

एखादा विद्यार्थी आपल्या परमपूज्य पुरुषाविषयी अडचणीचा प्रश्न विचारतो. आपण त्याला उद्धट म्हणून खाली बसवितो. वर्ग शांत होतो, शिस्त राखल्याचे समाधान मिळते. परंतु या शास्त्राच्या कसोटीवर हरला कोण? त्या दिवसापासून तो मुलगा आपले प्रश्न अन्यत्र नेतो आणि तेथे त्याला कोणती उत्तरे मिळतील, यावर आपला काहीच अधिकार उरत नाही. शिवीगाळ करणाऱ्यास अवश्य थांबवावे. त्याकडे काणाडोळा करणे हाही दोषच. मात्र थांबविण्याची कारणे आधी जाहीर असावीत आणि ती प्रिय विद्यार्थ्यालाही तितकीच लागू व्हावीत.

नव्या सत्राच्या पहिल्या तासाला हे नियम विद्यार्थ्यांना सांगा, आणि ते शिक्षकांनाही बांधून ठेवतात हेही सांगा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.