सेवा कोणाची, सत्ता कोणाची?

(शहादा येथे महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आपला विषय आहे घरातल्या आजारी आणि अपंग माणसांची देखभाल. त्यावर बोलताना मी एका लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगणार आहे, आणि तोही इंग्रज. नंदुरबार जिल्ह्यातल्या बायकांना त्याच्याशी काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. थोडा धीर धरा.

फौजेतला माणूस समाजकार्यात आला की आपल्याला त्याचं फार अप्रूप वाटतं. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात ड्रायव्हर होते, हे आपण सगळ्या जाणतो. मी सांगते तो माणूस मोठ्या हुद्द्यावरचा होता. नाव लिओनार्ड चेशायर. जन्म १९१७चा, वडील ऑक्सफर्डला कायद्याचे प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानं चालवायचा. शंभरावर मोहिमा केल्या आणि जिवंत राहिला. १९४४ साली त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिश सैन्यातला सगळ्यात मोठा शौर्याचा मान. ९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ब्रिटिश सरकारचा निरीक्षक म्हणून तो दुसऱ्या विमानातून ते पाहत होता.

युद्ध संपलं, नोकरी सोडली. सैन्यातून सुटलेल्या लोकांनी एकत्र राहावं, कष्ट करून खावं, अशी वसाहत त्याने काढली. ती बुडाली. हाती उरलं कर्ज आणि ‘ले कोर्ट’ नावाचं एक मोठं रिकामं घर. १९४८ साली त्या वसाहतीतला जुना सोबती आर्थर डाइक्स कॅन्सरने आजारी पडला. इस्पितळाकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्याला ठेवून घेणारं कोणी नव्हतं. चेशायर त्याला ले कोर्टवर घेऊन आला. त्याला भरवलं, त्याचं अंग पुसलं, चादरी बदलल्या, रात्री जागवल्या. डाइक्स गेला. तोवर अंथरुणाला खिळलेली एक नव्वदीची म्हातारीही आली होती. मग माणसं येतच राहिली. त्यातून चेशायर होम उभी राहिली, आधी इंग्लंडात आणि मग जगभर.

भारतातलं पहिलं चेशायर होम आपल्या मुंबईत आहे. १९५५-५६च्या सुमारास अंधेरीला, महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर ते सुरू झालं. पुढे देहरादूनला ‘राफेल’ निघालं, ते सुरुवातीला कुष्ठरोग्यांसाठी. ‘राफेल’ मात्र त्याच्या एकट्याचं नव्हतं, स्यू रायडरचंही होतं.

ही स्यू रायडर कोण? पोरवयातच ती युद्धाच्या कामात शिरली. शत्रूच्या मुलखात गुपचूप पाठवल्या जाणाऱ्या पोलिश माणसांबरोबर तिने काम केलं. युद्धानंतर उद्ध्वस्त युरोपात मदत घेऊन फिरली. १९५३ साली तिने स्वतःची संस्था काढली, म्हणजे चेशायरशी लग्न होण्याच्या सहा वर्षं आधी. लग्न झालं ५ एप्रिल १९५९ला, मुंबईतच. ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात तिला १९७९ साली जागा मिळाली आणि त्याला १९९१ साली. तरीही पुष्कळ ठिकाणी तिची ओळख ‘चेशायरची पत्नी’ अशीच करून दिली जाते. हे तुम्हाला नवं नाही.

आता मला काय म्हणायचंय ते सांगते. त्या माणसाने मरणाऱ्याचं अंथरूण काढलं, हे मोठंच आहे. मी ते कमी लेखत नाही. घाण काढायला हात पुढे करणारे पुरुष मी तरी फार पाहिलेले नाहीत. पण तेच काम अक्राणीच्या पाड्यावरची बाई वीस वीस वर्षं करते. पहाटे पाणी भरते, पोराचं हगणं-मुतणं काढते, मजुरीला जाते, ऊसतोडीला गुजरातेत गेली तर त्याला पाठीवर नेते. तिच्याबद्दल लोक म्हणतात, ‘आई आहे, करणारच!’ पुरुषाने केलं की ती सेवा, बाईने केलं की तो तिचा स्वभाव. आणि बाईने तेच बाहेर जाऊन केलं, तर? इथे बसलेल्या अंगणवाडीच्या बायांना विचारा. नाव ‘सेविका’, आणि हातात पगार नाही, मानधन. ‘सेवा’ हा शब्द आपल्याला असा महागात पडलेला आहे.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती जास्त महत्त्वाची. ज्यांची सेवा झाली, त्यांचं म्हणणं काय होतं?

त्याच ले कोर्टमध्ये १९५६ साली पॉल हंट नावाचा तरुण राहायला आला. स्नायू झिजत जाण्याचा आजार, चाकाची खुर्ची. छप्पर होतं, जेवण होतं, काळजी घेणारी माणसं होती. पण झोपायचं कधी, बाहेर जायचं का, स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी मैत्री किती करायची, हे दुसरे ठरवणार. हंट आणि त्याचे सोबती म्हणाले, हे आम्ही ठरवू. त्यावरून वर्षानुवर्षं झगडे झाले. सप्टेंबर १९७२मध्ये हंटने ‘गार्डियन’ या वर्तमानपत्रात पत्र लिहून अपंगांना संघटित व्हायची हाक दिली. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिने १९७६ साली स्पष्ट मांडलं की शरीरातली उणीव ही एक गोष्ट, पण माणसाला अपंग करतो तो समाज, त्याला वेगळं टाकून. अपंगांच्या हक्काच्या चळवळीतला हा मोठा विचार अशा घरात राहणाऱ्यांच्या भांडणातून आला. घर काढणारा माणूस चांगला होता, म्हणून ते भांडण चुकीचं ठरत नाही.

बायांनो, हे भांडण आपल्या ओळखीचं आहे. ‘तुला काय कमी आहे? खायला मिळतं, अंगावर कपडा आहे.’ हे आपण सासरी ऐकलंय. आश्रमशाळेतल्या मुली ऐकतात. पोसणाऱ्याचे उपकार मानायचे आणि तोंड बंद ठेवायचं.

अक्राणीतल्याच एका पाड्यावर आम्ही जातो. तिथे एक मुलगी आहे, वीसेक वर्षांची, पायांनी अधू. घरात येणारा प्रत्येक जण तिच्याविषयी तिच्या आईला विचारतो. खाते का? झोपते का? आम्ही खाली बसून तिलाच विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, ‘मला भोंगऱ्या बाजाराला जायचंय.’ होळीच्या आधी सगळा पाडा नटूनथटून जातो आणि ही दारात बसून राहते. तिला औषध नको होतं, दया नको होती. तिला माणसांत जायचं होतं.

म्हणून आपल्याला दोन मागण्या एकत्र धराव्या लागतील. देखभाल करणारीच्या कष्टाची किंमत, आणि जिची देखभाल होते तिचा शब्द. एकीचा हक्क दुसरीच्या जिवावर नको.

याला कायद्याचा आधार आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. त्यांत सिकलसेल आहे, जो आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत ठाण मांडून बसलाय. याच कायद्यात, ज्यांना मदतीची जास्त गरज आहे अशांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. सरकारने तो आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचा, अशी पळवाटही तिथेच आहे. म्हणजे मागितल्याशिवाय मिळणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे महिला ग्रामसभेत विचारा. उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या.

आणि त्या ग्रामसभेला एकट्या जाऊ नका. घरात जी बसून आहे, तिला उचलून घेऊन चला. खाट न्यावी लागली तरी न्या. पैसे कशावर खर्च करायचे हे तिला बोलू द्या, तिच्या बोलीत. आपण तिच्या शेजारी उभ्या राहू.