घर की धर्मसंस्थेची शाळा?

(पिंपरी-चिंचवड येथील सभासद कुटुंबांपुढे वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोचली आणि वसईची वाडी सोडून आपली कुटुंबेही येथे स्थिरावली. वसईत घर, चर्च आणि शाळा हाकेच्या अंतरावर असत. येथे वडिलांची रात्रपाळी, आईची नोकरी आणि मुलांची शाळा यांची गाठ रविवारच्या मिस्सापुरतीच पडते. म्हणून मुलांस कॉन्व्हेंटमध्ये घालावे की घरीच शिकवावे, असे काही पालक विचारू लागले आहेत.

त्यांची तक्रार निराधार नाही. शुल्क जड जाते, बसच्या प्रवासात मुले थकतात, आणि धर्मसंस्थेच्या शाळेतही बहुसंख्य विद्यार्थी अन्यधर्मीय असल्याने धर्मशिक्षणास थोडाच वेळ मिळतो. आईबाप हेच मुलांचे आद्य शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात सांगितले आहे. परंतु शक्य तेथे मुलांस कॅथलिक शाळेत पाठवावे, असेही तेच घोषणापत्र म्हणते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ७९८ वा नियम पुढे सांगतो की, ते शक्य नसेल तर शाळेबाहेर धर्मशिक्षणाची तजवीज करणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

आता कायदा पाहू. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या बालकास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. मात्र ते न करणाऱ्या पालकांस त्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकलेल्या मुलास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. म्हणजे वाट आहे; पण तोवरची सर्व वर्षे घरातील एका जाणत्या माणसाने पूर्ण वेळ द्यावयास हवा. दोघांच्या पगारावर घराचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबास हे कसे झेपावे? शिवाय प्रयोगशाळा, क्रीडांगण आणि निरनिराळ्या धर्मांचे सोबती घरात कोठून आणावयाचे? ज्यांच्याबरोबर उद्या कारखान्यात काम करावयाचे, त्यांची ओळख बालपणीच व्हावी, यातच हित आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, मुलांस शाळेतून काढू नये. तथापि शुल्क भरले की धर्माची जबाबदारी सिस्टरांवर गेली, ही समजूतही सोडावी. इंग्रजीत प्रार्थना पाठ करणारे मूल सुटीत वसईस जाते, तेव्हा आजीच्या जपमाळेत त्यास शब्द सापडत नाहीत. आपली सामवेदी बोली कोणतीही शाळा शिकविणार नाही. ते काम घराचेच.

संध्याकाळी अर्धा तास पुरे. ज्या पालकाची पाळी सुटली असेल, त्याने मुलांस घेऊन बसावे, मराठीत प्रार्थना म्हणावी, शुभवर्तमानातील एक कथा बोलीत सांगावी. जेथे दोघांसही सवड नाही, तेथे शेजारच्या चार घरांनी आळीपाळीने मुले सांभाळावीत. संघाने गरजू मुलांच्या शुल्कासाठी निधी उभारावा आणि सुटीत वडीलधाऱ्यांकडून बोलीचे वर्ग चालवावेत.

शाळा मुलांस जगात उभे करील. आपण कोणाचे, हे मात्र त्यांस घरीच कळावयाचे आहे. ही गोष्ट प्रत्येक घराने मनावर घ्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.