शाळेचाही माणूस, घराचाही माणूस

 

जून महिना आहे. एकीकडे पेरणीची घाई, बियाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव, आणि त्यातच शाळा उघडल्या आहेत. कुणाच्या पोरीला वह्या हव्यात, कुणाच्या पोराला आश्रमशाळेत सोडून यायचं आहे. याच महिन्यात, १७ जूनला, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या मास्तरांचा स्मृतिदिन असतो. त्यांचं नाव गोपाळ गणेश आगरकर. आज त्यांच्याविषयी बोलायचं आम्ही ठरवलं आहे.

आपल्या खानदेशात मास्तर म्हटलं की साने गुरुजींचं नाव आधी येतं. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या शाळेत होते. पण गुरुजींनी लग्न केलं नव्हतं, सगळी शाळकरी मुलं हाच त्यांचा संसार. आगरकरांना मात्र बायको होती, लेकरं होती, पगार थोडा होता आणि दम्याचा आजार होता. घर सांभाळून शाळा सांभाळायची म्हणजे काय, हे आपल्याला त्यांच्या गोष्टीतून जास्त कळतं. म्हणून आज आगरकर.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी फार. शिकायचं म्हणून कधी या नातेवाइकाकडे तर कधी त्या गावी राहावं लागलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना अंगावर एकच सदरा होता, तो रात्री धुवून वाळत टाकायचा आणि सकाळी पुन्हा तोच घालायचा, असं त्यांच्याविषयी सांगतात.

आता असा पोरगा एवढा शिकला, तर आईला काय वाटणार? आता साहेबाची नोकरी लागेल, घरचे दिवस पालटतील. आपल्यालाही हेच वाटतं की! पण आगरकरांनी कॉलेजातून आईला पत्र लिहून कळवलं की, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस. पोटापुरता पैसा घेऊन मी सगळा वेळ लोकांच्या कामात घालवणार आहे. ते पत्र वाचून त्या माउलीला काय वाटलं असेल, ते आपणच ओळखावं. लोकांसाठी जगणाऱ्या माणसाच्या घरच्यांनाही बरंच काही सोडावं लागतं.

१ जानेवारी १८८० ला पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढच्याच वर्षी आगरकर तिथे शिकवायला लागले. त्याच वर्षी ‘केसरी’ निघाला, त्याचे संपादक आगरकर. कोल्हापूरच्या राजांच्या छळाबद्दल छापलेल्या मजकुरावरून खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटून आल्यावर पुन्हा शाळा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले, आणि मग आगरकर प्राचार्य झाले. प्राचार्य म्हणजे कॉलेजचे मोठे सर. शेवटचा श्वास घेईपर्यंत ते त्याच कामावर होते.

शाळेबाहेर ते लिहीत होते, आणि ते लिहिणं आपल्या कामाचं आहे. टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ नावाचं स्वतःचं पत्र काढलं. त्यात ते काय लिहीत? मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, एकाच शाळेत बसवा. लहान वयात त्यांची लग्नं लावू नका. विधवेचं डोकं भादरू नका, तिला पुन्हा संसार करायचा तर करू द्या. बायांनो, तेव्हा कायदा कुठे होता ते ऐका. लग्न झालेल्या पोरीचं संमतीचं वय दहा होतं. ते बारा करायचं ठरलं तर केवढा गदारोळ उठला! १८९१ मध्ये तो कायदा झाला, आणि आगरकर त्याच्या बाजूने उभे होते.

लोकांनी काय केलं? हा माणूस धर्म बुडवतो म्हणून, ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. त्यांचं प्रेत म्हणून पुतळा केला आणि मिरवत नेला. आमच्या गटात हे वाचलं तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं, घरातल्या बाईचं त्या दिवशी काय झालं असेल?

त्या बाईचं नाव यशोदाबाई. आगरकर कॉलेजात शिकत असतानाच त्यांचं लग्न झालं होतं. यशोदाबाई जुन्या वळणाच्या. सोवळं-ओवळं, देवधर्म, व्रतं सगळं करायच्या. नवरा बाहेर रूढींवर आसूड ओढतो आणि घरात बायको देवापुढे दिवा लावते! पण आगरकरांनी त्यांच्यावर कधी बळजबरी केली नाही. मी म्हणतो म्हणून सोड, असं म्हटलं नाही. यशोदाबाईंनी पुढे सांगितलेल्या आठवणी छापल्या गेल्या, म्हणून हे आपल्याला कळतं.

यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं, आपल्याकडे तर कुंकू केवढं लावायचं तेही दुसरेच ठरवतात. काही जणी म्हणाल्या, जगाला शिकवणाऱ्याने घरच्या बाईलाही पटवून द्यायला हवं होतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण एक गोष्ट आम्हा सगळ्यांना पटली. बाईला स्वतःचं मन आहे असं नुसतं लिहिणं सोपं. घरात, रोजच्या जेवणाखाण्यात, तिचं मन आपल्याविरुद्ध असतानाही ते मानणं अवघड. आगरकरांनी ते मानलं.

१७ जून १८९५ ला ते गेले. वयाची एकोणचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सांगतात की त्यांच्या उशाखाली एक पुरचुंडी सापडली. तिच्यात वीस रुपये होते, आणि आपल्या अंत्यविधीसाठी म्हणून ते बाजूला काढून ठेवले होते. आपण गेल्यावर बायकोला लाकडांसाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी त्यांची काळजी. ज्यांच्याशी भांडण झालं होतं, त्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहिला.

बायांनो, आपण गटात दर महिन्याला पैसे टाकतो. पुरचुंडी बांधणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आम्हाला ती वीस रुपयांची गोष्ट ऐकून मान खाली घालावीशी वाटली, आणि एक प्रश्नही पडला. लाकडांची सोय झाली, पण दुसऱ्या दिवशीच्या चुलीची? नवरा एवढा विद्वान, एवढा मायाळू, तरी मागे राहिलेल्या बाईच्या हातात स्वतःची कमाई नव्हती, कारण त्या काळी तिला शिकवायचीच रीत नव्हती. आगरकर ‘सुधारक’मध्ये जे तळमळून लिहीत होते, ते किती खरं होतं, हे त्यांच्याच घरावरून कळतं.

त्यांचं लिहिणं वाया गेलं नाही. त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवा मुलींसाठी आश्रम काढला, आणि १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ सुरू केलं.

आता आपलं पाहू. आज मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने अठरा आहे. तरी आपल्या जिल्ह्यात सातवी-आठवीनंतर कितीतरी पोरी शाळेतून गळतात. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघाले, की धाकट्याला सांभाळायला पोरगी बरोबर जाते. परत येते तेव्हा शाळा तुटलेली असते, आणि मग घरात बसलेल्या पोरीचं लग्न उरकून टाकलं जातं. आम्ही कुणाला दोष देत नाही. पोटासाठी जावंच लागतं. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा नियम आहे. तुमच्या शाळेच्या समितीत कोण बाया आहेत ते विचारा. नुसती सही करून येऊ नका, सभेत बसा. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर आणखी एक यादी करा, आपल्या पाड्यावरची कोणती मुलगी या जूनमध्ये शाळेत गेली नाही त्याची. ती यादी घेऊन मोठ्या सरांकडे जा. कामाला जाणाऱ्या घरची पोरगी मागे ठेवता येईल का, वसतिगृहात जागा आहे का, ते दिवाळीच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि कुठे लहान पोरीचं लग्न ठरत असेल तर १०९८ हा नंबर फुकट लागतो.

मोठे सर चांगले असले तर त्यांनाही सांगा की तुम्ही चांगलं करता. डोंगरातल्या शाळेत टिकून राहणाऱ्या मास्तरालाही घर असतं, लेकरं असतात, आजारपण असतं. त्यांच्या पाठीशी गाव उभं राहिलं, तर त्यांची शाळाही उभी राहते.

पुढच्या वेळी तुमच्या यादीत किती नावं निघाली आणि त्यातल्या किती जणी शाळेत परतल्या, ते आम्हाला कळवा. ती नावं नाही, नुसता आकडा इथून वाचून दाखवू. तोवर रामराम, जोहार.