भार की भांडवल?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. म्हणून आम्ही पुढे पाहण्याचे पत्करले आहे.

गेल्या सुगीत अकोल्याकडील एक वृद्ध शेतकरी आम्हांस भेटावयास आले. त्यांस तीन मुलगे. तिघेही शिकलेले आणि तिघेही घरीच. चहा घेता घेता ते म्हणाले, "फादर, वावर तेवढंच हाये अन् पोरं मोठे झाले. आता हे वझं म्हणावं का आधार?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते आज आपणां सर्वांसमक्ष देण्याचा यत्न करीत आहो, कारण हा प्रश्न एका घरचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अनुमानाप्रमाणे 2023 साली आपला देश लोकसंख्येत चीनच्या पुढे गेला, आणि आपल्या देशातील सुमारे निम्मे लोक तिशीच्या आतील आहेत. तेव्हा त्या वृद्धाचा प्रश्न साऱ्या देशाचाच होय.

तोंडे वाढली की अन्न पुरत नाही, ही समजूत जुनी आहे. माल्थस नावाच्या इंग्रज पंडिताने 1798 साली ती ग्रंथरूपाने मांडली. ती आपल्या वऱ्हाडास लावून पाहू. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे 29 लाख माणसे होती. 1901 साली ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास उरली. तोंडे कमी झाली. मग उरलेल्यांचे घर भरले काय? मुळीच नाही. ती घट 1896-97 आणि 1899-1900 या दोन भयंकर दुष्काळांनी केली होती, आणि मागे राहिलेला मनुष्य पूर्वीहून अधिक कंगाल झाला होता. उलट त्याच वऱ्हाडाच्या पाच जिल्ह्यांत 2011 साली सुमारे 1 कोटी 12 लाख लोक मोजले गेले, म्हणजे जवळजवळ चौपट. आणि तसा दुष्काळ पुन्हा आला नाही. 1972 साली पाऊस रुसला, तेव्हा महाराष्ट्राने रिकाम्या हातांस काम दिले. त्याच हातांनी रस्ते केले, तलाव खोदले. त्या अनुभवातूनच पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला. हातांस काम मिळाले म्हणून तोंडास अन्न मिळाले, हे आपण ध्यानात ठेवावे.

भयाच्या पोटी एकदा आपल्या राज्याने निराळीही वाट धरून पाहिली. 1976 साली विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही, ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची. पुढे असल्या कायद्यावाचूनच कुटुंबे लहान होत गेली. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी 1.7 अपत्ये आढळली. पिढीच्या जागी पिढी उभी राहण्यास दोनांहून किंचित अधिक लागतात. याचा अर्थ असा की, आज तरुणांची जी गर्दी आपणांस दिसते, ती कायमची नाही. चीनची लोकसंख्या 2022 पासून घटू लागली आहे. जपानात म्हाताऱ्यांची संख्या भारी झाली आहे. आपलाही तो दिवस येणार आहे. आज जे हात आपण रिकामे ठेवू, ते उद्या थकलेले हात होतील, आणि त्यांस आधार देण्यास मागे पुरेशी माणसे नसतील. म्हणून ही घाई आहे.

परंतु केवळ संख्या म्हणजे संपत्ती, असेही आम्ही म्हणणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणांस ठाऊक आहे. जमीन काळीभोर, खाली पाणीही आहे. पण ते पाणी ना पिण्यास बरे, ना पिकास. पाणी आहे एवढ्याने तहान भागत नाही. तद्वत् तरुण पुष्कळ आहेत एवढ्याने देश श्रीमंत होत नाही. बियाणे पोत्यात राहिले तर ओझे, पेरले तर पीक; आणि मृग कोरडा असता घाईने पेरले, तर बियाणेही जाते. पदवीचा कागद हाती देऊन ज्यास काम दिले नाही, तो मुलगा अशा कोरड्या पेरणीसारखा होय. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली ज्या सहा जिल्ह्यांकरिता केंद्र सरकारास साह्य जाहीर करावे लागले, त्यांत अमरावती आणि अकोला ही दोन्ही नावे आहेत. ज्या घरी असा बाप गेला, त्या घरच्या मुलास 'तू देशाचे भांडवल आहेस' असे नुसते सांगणे ही थट्टा होईल.

मग भाराचे भांडवल होते कशाने? याचे उत्तर वऱ्हाडाने स्वतःच देऊन ठेवले आहे. 1876 साली शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा स्वतः शाळेत शिकले नाहीत. परंतु घरातील भांडे विकावे लागले तरी मुलास शिकवा, असे ते गावोगाव सांगत फिरले. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ज्या काळी कापसाचे भाव कोसळले होते, त्याच काळी अमरावतीस खेड्यांतील मुलांकरिता श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. हाती पैसा आल्यावर मुलांचे पाहू, असे ते म्हणाले नाहीत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. 1936 साली त्याचे तरुण बर्लिनच्या ऑलिंपिक सोहळ्यात देशी खेळ दाखवून आले. तिन्ही ठिकाणी मुलगा तोच होता, जो गावात रिकामा दिसला असता. त्याच्यावर कोणी तरी आधी खर्च केला, एवढाच भेद.

आणि हा खर्च पाळण्यापासूनच झाला पाहिजे. मेळघाटात कुपोषणाने बालके दगावल्याची वार्ता 1993 साली देशभर गेली. ती व्यथा अद्याप पुरती सरलेली नाही. जे बालक उपाशी वाढले, त्यास विसाव्या वर्षी कौशल्य शिकविण्याची योजना फारशी उपयोगी पडत नाही. तीच गोष्ट मुलींची. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. अर्धे भांडवल पेटीत कुलूपबंद ठेवून धंदा बुडाल्याची तक्रार कोणता व्यापारी करील?

येथे आम्हांस आमचाही दोष सांगितला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी दहावीत नापास झालेला एक मुलगा आमच्याकडे आला. त्यास काही विचारावयाचे होते. आम्ही कामाच्या गर्दीत चार शब्दांचा उपदेश करून त्यास वाटेस लावले. त्याचा प्रश्न ऐकला नाही. तो पुढे गाव सोडून गेला, आणि आज त्याच्या बापाने वावर मक्त्याने दिले आहे. त्या दिवशी आम्ही त्यास भार मानले, हे आज कळते.

शुभवर्तमानातील ती कथा आपण सारे जाणता. हजारो माणसे भुकेली होती, आणि शिष्य अन्नाच्या किमतीचा हिशेब करीत होते. त्या वेळी पाच भाकरी आणि दोन मासे निघाले ते एका मुलाच्या जवळून. प्रभूने ते हाती घेतले. एवढेसे कशास पुरणार, असे म्हणून त्यास परत पाठविले नाही.

म्हणून या महोत्सवानिमित्त आमची तीन मागणी आहेत. एक, या धर्मग्रामातील एकाही मुलीची शाळा पैशावाचून सुटू नये. अडचण असेल त्यांनी न लाजता आमच्याकडे यावे. दुसरे, आपले सभागृह संध्याकाळी अभ्यासाकरिता व हातचे काम शिकविण्याकरिता उघडे राहावे. गवंडी, सुतार, परिचारिका, शिक्षक असे जे आपणांत आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. तिसरे, वडील मंडळींनी मुलांच्या हाती केवळ वखर देऊ नये, हिशेबाची वहीही द्यावी, आणि त्यांचा सल्ला ऐकावा.

त्या वृद्ध शेतकऱ्यास आमचे उत्तर आता एवढेच आहे: बाबा, आपली मुले वझे ठरतील की आधार, हे त्यांच्या जन्माने ठरलेले नाही, ते आपण, आम्ही आणि ती स्वतः मिळून ठरवावयाचे आहे, आणि त्यास अवकाश थोडा आहे.