उतारवयातील खाज

अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, तरीही अंथरुणाला पाठ टेकताच पोटऱ्या, पाठ आणि दंड खाजू लागतात, ही पुष्कळ वृद्धांची तक्रार असते. आणि ‘वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच’ असे म्हणून घरची मंडळी तिची वासलात लावतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वार्धक्यात त्वचेतील स्निग्धांश क्षीण होतो, तिची जलधारणशक्ती उणावते, आणि त्यात पौष-माघातील कोरडी हवा, कढत पाण्याचे स्नान व अंगभर साबण यांची भर पडली, म्हणजे नडगीवर नखाने सहज पांढरी रेघ उमटू लागते. अशा वेळी पाणी कोमट असावे, स्नान थोडक्यात आटोपावे, साबण काखा, जांघा व पावले यांपुरताच ठेवावा, आणि अंग टिपल्यावर ते ओलसर असतानाच खोबरेल अथवा पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावावी. मात्र तेलकट तळव्यांनी फरशीवर चालू नये.

खाज सहा आठवड्यांपलीकडे टिकली, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड व रक्त यांची तपासणी करवावी, चालू औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवावी. बोटांच्या बेचक्यांत पुरळ येऊन घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर ती बहुधा खरूज असते, आणि सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतल्यावाचून तिचा बंदोबस्त होत नाही. दुकानातून परभारे आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे कातडी पातळ करतात. आणि गुंगी आणणाऱ्या खाजेच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, लघवी अडते, क्वचित भ्रमही होतो, सबब त्या वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत.