आपली 'जुनी मशीद' आणि एक चित्रांचे पुस्तक
(सारोळे, ता. भोर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



दोस्तांनो, मागच्या महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या भाचीने विचारले, "मामू, यहुदी म्हणजे वाईट माणूस ना?" तिला हे कोणी शिकवले? आम्हीच. मोबाईलवर बातम्या बघताना आम्ही मोठे जे बोलतो, ते तिने ऐकले होते. गाझातल्या मुलांसाठी आपले काळीज तुटते, तुटलेच पाहिजे. पण त्या रागात आपण एका अख्ख्या समाजाच्या नावाची शिवी करून टाकली आहे.

मी तिला एका पुस्तकाबद्दल सांगितले. नाव 'हग्गादा'. १८७४ साली आपल्या पुण्यातच छापलेले. त्यात हिब्रूसोबत मराठी आहे, आणि चित्रेही आहेत. पेसाहच्या रात्री घरातले धाकटे मूल प्रश्न विचारते आणि मोठी माणसे हजरत मूसा आणि फिरऔनची हकीकत सांगतात. मुलांनी ती नुसती ऐकायची नसते. मिसरच्या गुलामीतून आपण स्वतःच सुटलो, अशी कल्पना करायची असते. त्यातले एक चित्र मी तिला दाखवले. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या रोट्या करताहेत. ती म्हणाली, "ह्या तर नानीसारख्या बसल्यात!"

हे लोक म्हणजे आपले मराठी यहुदी, बेने इस्राएल. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. त्याला हे लोक 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. पुण्यात कॅम्पातल्या १८६७ च्या सिनेगॉगला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. मशीद काय, देऊळ काय, आपल्या लोकांना शब्दांची अडचण कधी आली नाही. एलियाहू नबींच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियासांच्या, नावाने ते मलिदा करतात. त्यांचा गोड पोह्यांचा, आपला चपातीचा.

जगात कुठे काही घडले की आपल्याकडे जाब मागितला जातो. त्याने किती जीव जळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग तोच जाब अलिबाग-पेणच्या माणसाकडे आपण कसा मागायचा? गाझासाठी जरूर बोला, मोर्चा काढा. सरकारचे नाव घ्या, फौजेचे नाव घ्या. धर्माचे घेऊ नका.

भाचीचा प्रश्न आता बदलला आहे. "त्यांच्या मशिदीत लहान मुलांना आत येऊ देतात का?" मी म्हटले, पुण्याला जाऊन परवानगी मागू. कोणाला सोबत यायचे असेल, तर बैठक संपल्यावर नाव सांगा.