नवी आवृत्ती आली काय?

(जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा येथील भाषणाचा मजकूर)



ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली पाहण्यास व सुधारण्यास सर्वांना खुली असते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याच्या आवृत्त्या भराभर निघतात. फायरफॉक्सची सर्वसाधारण आवृत्ती २०२० पासून सुमारे चार आठवड्यांनी निघू लागली. तिची 'नाइटली' ही चाचणी-आवृत्ती तर दिवसातून दोनदा तयार होते. जानेफळसारख्या गावी संगणक केंद्र चालविणाऱ्याने लोकांचे अर्ज भरावेत, की नवे काय आले ते रोज पाहत बसावे?

हे पाहण्याचे काम यंत्रावर सोपविता येते. डेबियन या संगणक प्रणालीत तशी सोय आहे. संगणक स्वतःच भांडाराकडे विचारणा करतो : मागील खेपेनंतर काही बदलले काय? बदल नसल्यास '३०४' या क्रमांकाचे त्रोटक उत्तर येते व संपूर्ण यादी पुन्हा उतरवून घ्यावी लागत नाही. मंद जोडणीच्या गावास याचे मोल अधिक. विचारणेची वेळ सकाळी व सायंकाळी सहाची. परंतु तीत बारा तासांपर्यंतची ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे, कारण सर्वच संगणकांनी एका ठोक्याला दार ठोठावले तर भांडारावर भलताच ताण येईल. ऐन वेळी वीज नसल्यास यंत्र सुरू झाल्यावर राहिलेली विचारणा उरकली जाते. भारनियमन सोसलेल्या भागास ही तरतूद विशेष पटावी.

अशी तपासणी स्वतः लिहू पाहणाऱ्या तरुणांनी ध्यानी ठेवावे, की आवृत्तीचा क्रमांक हा दशांश अपूर्णांक नव्हे. १.९ नंतरची १.१० ही आवृत्ती नवी असते. एवढ्याशा चुकीने यंत्र महिनोन्महिने 'काही नवे नाही' असेच सांगत राहील.

तथापि नवे आल्याचे कळणे वेगळे आणि ते बसविणे वेगळे. जून २०१७ मध्ये न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम 'नॉटपेट्या' या उपद्रवी आज्ञावलीमुळे विस्कळीत झाले. ती जगभर फैलावली, तिचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. ते मुक्त स्रोत नव्हते. पण मुक्त स्रोतही अपवाद नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या माहिती-संकोचनाच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. संगणकात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ती सापडली. डेबियनच्या चाचणी शाखांत ती पोचली होती, स्थिर शाखेत नव्हती.

डेबियनची यादी अंकीय स्वाक्षरीने मुद्रांकित असते. त्यामुळे माल वाटेत बदलला नाही एवढी खात्री पटते. कारखान्यातच भेसळ झाली असेल तर स्वाक्षरी तरी काय करणार? यास्तव स्थिर शाखेतील सुरक्षाविषयक दुरुस्त्या यंत्राने आपोआप बसवाव्यात. रोज निघणाऱ्या आवृत्त्यांची मात्र त्याने केवळ वर्दी द्यावी. त्या प्रथम ज्या संगणकावर गावकऱ्यांची कागदपत्रे नाहीत अशा एकावर चालवून पाहाव्यात, आणि उरलेल्यांवर काही दिवसांनी.